स्तंभांवरचे हात

इटली देशाच्या ईशान्य भागात, एड्रियाटिक समुद्राच्या किनाऱ्याजवळ, राव्हेन्ना नावाचे एक प्राचीन शहर आहे. या शहरात सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी बांधलेले एक ख्रिस्ती प्रार्थनामंदिर आजही उभे आहे. ‘सान्त आपोलिनारे नुओव्हो’ हे त्याचे नाव. बाहेरून पाहणाऱ्यास त्यात मोठेसे नवल वाटत नाही. साध्या विटांच्या भिंती, उतरते छप्पर, पुढे संगमरवरी खांबांची पडवी आणि बाजूस एक उंच, गोल मनोरा, एवढेच काय ते दृष्टीस पडते. परंतु दार ओलांडून आत पाऊल टाकताच पाहणारा क्षणभर स्तब्ध होतो. दोन्ही बाजूंच्या उंच भिंती वरपासून खालपर्यंत चित्रांनी भरलेल्या आहेत आणि त्या चित्रांतील सोन्याचा प्रकाश साऱ्या मंदिरात पसरलेला आहे.

या चित्रांपैकी एक चित्र उजव्या भिंतीवर, दाराच्या बाजूस आहे. ते एका राजवाड्याचे चित्र आहे. राजवाड्यास शुभ्र स्तंभ आहेत, स्तंभांवर कमानी आहेत आणि कमानींतून सोनेरी नक्षीचे पांढरे पडदे सोडलेले आहेत. चित्र मोठे सुंदर आहे. तथापि ते नीट निरखून पाहिले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. काही स्तंभांवर माणसांचे हात दिसतात. कोठे नुसता पंजा दिसतो, तर कोठे मनगटाच्या वरचाही भाग दिसतो. हात आहेत, पण ज्यांचे ते हात, ती माणसे मात्र कोठेच नाहीत. त्यांच्या जागी पडदे आहेत.

हे हात कोणाचे? ती माणसे कोठे गेली? आणि माणसे गेली असता हात तेवढे मागे कसे राहिले? या प्रश्नांची उत्तरे हवी असतील, तर आपणांस या मंदिराचा इतिहास पाहावा लागेल.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात रोमचे पश्चिम साम्राज्य खिळखिळे झाले होते. उत्तरेकडून निरनिराळ्या लढाऊ जमाती इटलीवर चाल करून येत होत्या. अशा संकटकाळी, इ. स. ४०२ मध्ये, सम्राट होनोरियस याने आपली राजधानी राव्हेन्ना येथे नेली. या शहराभोवती तेव्हा दलदल व खाड्या पसरलेल्या असल्यामुळे शत्रूस तेथे सहज पोहोचता येत नसे. शिवाय जवळच क्लास्से नावाचे मोठे बंदर होते. त्यामुळे वेढा पडला, तरी समुद्रमार्गाने धान्य आणता येत असे. पण नुसत्या जागेच्या बळावर राज्य टिकत नाही. इ. स. ४७६ मध्ये ओडोएसर नावाच्या सेनानायकाने पश्चिमेच्या अखेरच्या सम्राटास पदच्युत केले आणि इटलीची सत्ता आपल्या हाती घेतली.

यानंतर इटलीत आला तो पूर्व गॉथ लोकांचा राजा थिओडोरिक. याचे पूर्वायुष्य मोठे विलक्षण होते. गॉथ लोक आणि पूर्व रोमन साम्राज्य यांच्यात तह झाला, तेव्हा तो पाळला जावा म्हणून बालवयातच त्याला कॉन्स्टँटिनोपल या राजधानीत ओलीस ठेवण्यात आले होते. तेथे तो सुमारे दहा वर्षे राहिला. घर सोडून परक्या नगरीत वाढलेल्या या मुलाने तेथील भव्य इमारती, कायदेकानू आणि राज्यकारभाराची रीत जवळून पाहिली. पुढे तो आपल्या लोकांचा राजा झाला व सैन्यासह इटलीत उतरला. सुमारे तीन वर्षे राव्हेन्नाला वेढा घातल्यावर इ. स. ४९३ मध्ये ओडोएसराशी समेट झाला. पण थोड्याच दिवसांनी एका मेजवानीत थिओडोरिकने स्वतःच्या हाताने त्याचा वध केला. त्याच्या राज्याचा आरंभ असा विश्वासघाताने झाला, ही गोष्ट लपवून चालणार नाही.

तथापि राज्य हाती आल्यावर त्याने ते शहाणपणाने चालविले. रोमन लोकांचे कायदे व त्यांची अधिकारपदे त्याने मोडली नाहीत. दलदलीच्या जमिनींतील पाणी काढून त्या लागवडीखाली आणविल्या आणि राव्हेन्नाला गोडे पाणी पुरविणारा जुना जलमार्ग दुरुस्त करविला. मात्र एका बाबतीत राजा व त्याची बहुसंख्य प्रजा यांच्यात भेद होता. दोघेही ख्रिस्ती होते, पण त्यांचे पंथ वेगळे होते. एरियस नावाच्या धर्मोपदेशकाने असे शिकविले होते की, देवपिता हा अनादी असून येशू ख्रिस्त हा त्याने निर्माण केलेला, म्हणून त्याच्याहून कमी दर्जाचा आहे. गॉथ लोक हे मत मानीत. इटलीतील इतर ख्रिस्ती लोक पिता व पुत्र हे एकरूप व समान आहेत, असे मानीत. आज हा वाद आपणांस सूक्ष्म वाटेल. परंतु त्या काळी त्यावरून मोठमोठे कलह होत.

थिओडोरिकने आपला पंथ प्रजेवर लादला नाही. राव्हेन्नात दोन्ही पंथांची मंदिरे शेजारी शेजारी नांदत होती. एवढेच नव्हे, तर दोघांची बाप्तिस्मागृहेही निराळी होती. ती दोन्ही अद्याप पाहावयास मिळतात. दोहोंच्या घुमटांत एकच चित्र आहे. मध्यभागी येशूचा बाप्तिस्मा व सभोवार त्याचे बारा शिष्य, असे ते चित्र आहे. जेनोआ येथील ज्यू लोकांना आपले प्रार्थनास्थळ दुरुस्त करावयाचे होते, तेव्हा राजाने त्यांना तशी परवानगी दिली. कोणाच्याही मनावर श्रद्धेची सक्ती करता येत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांना राजाकडून गेले.

याच राजाने आपल्या राजवाड्याजवळ, इ. स. ५०५ च्या सुमारास, आपल्या उपासनेसाठी हे मंदिर बांधविले आणि ते तारणाऱ्या येशू ख्रिस्तास अर्पण केले.

आता या मंदिराची रचना पाहू. त्याचा आकार लांबट चौकोनी आहे. अशा रचनेस बॅसिलिका असे म्हणतात. रोमन लोक न्यायदानासाठी व व्यापारी व्यवहारासाठी अशी मोठी सभागृहे बांधीत. तोच आराखडा पुढे ख्रिस्ती लोकांनी आपल्या मंदिरांसाठी घेतला. मध्ये रुंद व उंच दालन असते आणि त्याच्या दोन्ही अंगांना अरुंद व ठेंगणी दालने असतात. मधले दालन व बाजूची दालने यांच्यामध्ये स्तंभांच्या रांगा असतात. या मंदिरात एकेका बाजूस बारा, असे एकूण चोवीस स्तंभ आहेत. ते संगमरवरी असून समुद्रमार्गाने पूर्वेकडून आणलेले आहेत. स्तंभावर कोरीव पानांचा माथा, माथ्यावर दगडी ठोकळा आणि ठोकळ्यावर कमान, अशी मांडणी आहे. हा ठोकळा वरच्या बाजूस रुंद व खाली निमुळता असतो. त्यामुळे जाड भिंतीचा भार गोळा होऊन सडपातळ स्तंभावर नीट उतरतो. छप्पर लाकडी असल्यामुळे भिंतींवर फार मोठे ओझे पडत नाही. मधले दालन बाजूच्या दालनांहून उंच असल्याने त्याच्या भिंतीच्या वरच्या भागात खिडक्या ठेवता आल्या. त्यांतून येणारा उजेड समोरच्या भिंतीवरील चित्रांवर पडतो.

ही चित्रे रंग व कुंचला यांनी काढलेली नाहीत. मोझाइक हा शब्द आपण फरशीच्या संदर्भात ऐकलेला असतो. लहान लहान तुकडे जुळवून केलेले चित्र म्हणजेच मोझाइक, किंवा कुट्टिमचित्र होय. हे काम अतिशय चिकाटीचे असते. प्रथम भिंतीस गिलाव्याचे थर देतात. सर्वांत वरचा थर जितके काम तो ओला असेतो उरकेल, तितक्याच भागास लावतात आणि त्यात रंगीत काचेचे व दगडाचे, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे एकेक करून बसवितात. सोनेरी तुकडा करावयाचा असेल, तर काचेवर सोन्याचा अतिशय पातळ वर्ख ठेवून त्यावर पुन्हा काचेचा पातळ थर देतात. म्हणून तो वर्ख शेकडो वर्षे झिजत नाही. सारे तुकडे एका पातळीत बसविले, तर भिंत आरशासारखी एकाच दिशेला चमकेल. म्हणून कारागीर त्यांना किंचित तिरके बसवितात. मग पाहणारा चालू लागला की, एकेका तुकड्यावर प्रकाश खेळू लागतो आणि सारी भिंत सजीव झाल्यासारखी भासते.

या मंदिरात चित्रांच्या तीन ओळी आहेत. सर्वांत वर, छपराच्या लगत, येशू ख्रिस्ताच्या जीवनातील प्रसंग आहेत. प्रत्येक भिंतीवर तेरा, असे हे सव्वीस प्रसंग होतात. डाव्या भिंतीवर त्याने केलेले चमत्कार व त्याच्या शिकवणीतील गोष्टी आहेत. मासे पकडणाऱ्या कोळ्यांना तो आपल्यामागे बोलावतो. पक्षाघाताने पंगू झालेल्या माणसाची खाट त्याचे सोबती छपरातून दोरांनी खाली सोडतात. एक गरीब विधवा आपल्याजवळची चिमुकली नाणी दान करते. उजव्या भिंतीवर त्याच्या अखेरच्या दिवसांची कथा आहे. अखेरच्या भोजनाच्या चित्रात शिष्य अर्धवर्तुळाकार मेजाभोवती रोमन रीतीप्रमाणे पहुडलेले असून मेजावर दोन मोठे मासे आहेत. डाव्या भिंतीवरील ख्रिस्तास दाढी नाही, उजव्या भिंतीवरील ख्रिस्तास मात्र आहे. क्रूसावरील मृत्यूचा प्रसंग येथे मुळीच दाखविलेला नाही, हीही ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

दुसऱ्या ओळीत, खिडक्यांच्या मधल्या जागांत, हाती ग्रंथ घेतलेले शुभ्रवस्त्रधारी पुरुष उभे आहेत. या दोन्ही ओळी थिओडोरिकच्या काळच्या होत.

तिसरी ओळ सर्वांत खाली, पाहणाऱ्याच्या नजरेस सर्वांत जवळ आहे. डाव्या भिंतीवर दाराजवळ क्लास्से बंदर दिसते. त्यात गलबते आहेत व शेजारी तटबंदीचे नगर आहे. तेथून बावीस कुमारिका निघाल्या आहेत. त्यांच्या अंगावर सोनेरी वस्त्रे आहेत, हातांत मुकुट आहेत, पायांशी फुले फुलली आहेत आणि दर दोघींमध्ये एक ताडाचे झाड आहे. प्रत्येकीचे नाव तिच्या डोक्यावर लिहिलेले आहे. आग्नेस या कुमारिकेच्या पायाशी एक कोकरूही आहे. त्यांच्या पुढे पूर्वेकडून आलेले तीन ज्ञानी पुरुष रंगीबेरंगी पारशी पोशाखात, भेटी घेऊन, लगबगीने चालले आहेत. ओळीच्या शेवटी मरिया बाळ येशूस मांडीवर घेऊन सिंहासनावर बसली आहे. उजव्या भिंतीवर आपण पाहिलेला राजवाडा आहे. तेथून सव्वीस हुतात्मे निघून सिंहासनावरील ख्रिस्ताकडे चालले आहेत. बहुतेकांची वस्त्रे पांढरी आहेत. पण सर्वांत पुढे असलेल्या संत मार्टिनच्या अंगावर जांभळा झगा आहे.

परंतु ही मिरवणूक मूळची नव्हे. ती येथे कशी आली, हे कळण्यासाठी थिओडोरिकच्या अखेरच्या दिवसांकडे वळले पाहिजे.

वृद्धपणी या राजाचे मन संशयी झाले. आपल्या विरुद्ध कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाशी कट चालला आहे, असे त्यास वाटू लागले. त्याच्याच दरबारात उच्च पदावर असलेला थोर तत्त्वज्ञ बोएथियस यास त्याने कारागृहात टाकले व इ. स. ५२४ च्या सुमारास ठार मारविले. ज्या राजाने श्रद्धेची सक्ती करता येत नाही असे म्हटले, त्याच्याच हातून हा अन्याय घडला. इ. स. ५२६ मध्ये थिओडोरिक मृत्यू पावला. राव्हेन्नातील त्याच्या समाधीवर सुमारे १० मीटर व्यासाचे, एकाच अखंड दगडाचे छत आहे. पण आत त्याचा देह मात्र आज नाही.

पुढे कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट जस्टिनियन याने इटली परत जिंकण्याचे ठरविले. इ. स. ५३५ मध्ये युद्ध सुरू झाले. इ. स. ५४० मध्ये त्याचा सेनापती बेलिसॅरियस राव्हेन्नात शिरला. वीस वर्षांच्या आत गॉथांचे राज्य नामशेष झाले. त्यांच्या पंथाची मंदिरे व जमिनी सम्राटाच्या आज्ञेने राव्हेन्नाचा धर्माध्यक्ष आग्नेल्लुस याच्या स्वाधीन करण्यात आल्या. इ. स. ५६१ च्या सुमारास या मंदिराचीही नव्याने शुद्धी होऊन ते संत मार्टिनला अर्पण करण्यात आले. संत मार्टिन हा एरियसच्या मताचा कट्टर विरोधक म्हणून प्रसिद्ध होता. त्याचे नाव निवडण्यामागील हेतू कोणाच्याही लक्षात येण्याजोगा होता.

आता नव्या अधिकाऱ्यांपुढे भिंतींवरील चित्रांचा प्रश्न उभा राहिला. ख्रिस्ताचे जीवनप्रसंग दोन्ही पंथांस पूज्य होते. म्हणून त्यांना कोणी हात लावला नाही. ग्रंथ घेतलेले पुरुषही तसेच राहिले. सिंहासनावरील ख्रिस्त व मरिया यांनाही धक्का लागला नाही. पण खालच्या ओळीत थिओडोरिक व त्याचे दरबारी होते. राजवाड्याच्या मधल्या कमानीत स्वतः राजा आणि बाजूच्या कमानींत त्याचे लोक उभे असावेत. बंदराच्या तटापुढेही काही माणसे होती. पराभूत राजाची व त्याच्या पंथाची आठवण प्रार्थनेस येणाऱ्या लोकांना रोज व्हावी, हे विजेत्यांना मान्य नव्हते. म्हणून त्यांनी कारागीर बोलावले. कारागिरांनी माणसांचे तुकडे एकेक करून उचकटून काढले आणि ताजा गिलावा देऊन त्या जागी नवे तुकडे बसविले. राजाच्या जागी कोरे सोने आले. दरबाऱ्यांच्या जागी पडदे आले. तटापुढील माणसांच्या जागी नुसती भिंत आली. मधल्या जागेत हुतात्म्यांची व कुमारिकांची मिरवणूक रचण्यात आली.

परंतु कमानींत उभ्या असलेल्या काही दरबाऱ्यांनी आपले हात उंचावलेले होते व ते बाजूच्या स्तंभांवर आलेले होते. हात काढावयाचा, तर त्याखालचा स्तंभही उकरून नव्याने करणे भाग होते. कारागिरांनी त्या वेळी त्याकडे कानाडोळा केला असावा. काही अभ्यासकांना मात्र निराळेच वाटते. त्यांच्या मते ही चूक नसून, येथून कोणास घालविले याची लोकांना जाणीव राहावी, म्हणून हात मुद्दाम ठेवण्यात आले. कारण कोणतेही असो, हात राहिले हे खरे. बंदराच्या चित्रातही तटाच्या तुकड्यांच्या रंगात किंचित फरक आहे. बारकाईने पाहिले असता तेथे माणसांच्या आकृतींच्या कडा अजूनही ओळखता येतात. त्यांचे चेहरे कसे होते, ते राजाविषयी काय विचार करीत होते, यांचा आज मागमूस राहिलेला नाही. पण तेथे कोणीतरी होते, एवढे भिंत अद्याप सांगते.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने लक्षात घेतली पाहिजे. ज्यांनी ही माणसे पुसून टाकली, त्यांनीच त्या कुमारिकांची व हुतात्म्यांची सुंदर मिरवणूक निर्माण केली. त्यांनी मंदिर पाडले नाही, वरची चित्रे फोडली नाहीत, आणि शत्रूचा राजवाडाही भिंतीवर राहू दिला. म्हणून आज या मंदिरात आपण जे पाहतो, ते एका राजाचे किंवा एका पंथाचे काम नव्हे. एकमेकांस शत्रू मानणाऱ्या दोन पिढ्यांचे काम तेथे एकाच भिंतीवर, एकमेकांना लागून राहिलेले आहे.

मंदिराचा इतिहास येथेच संपला नाही. नवव्या शतकात समुद्रावरून लुटारूंच्या धाडी येऊ लागल्या. तेव्हा राव्हेन्नाचा पहिला धर्माध्यक्ष मानला जाणारा संत अपोलिनारिस याच्या अस्थी क्लास्से येथील मंदिरातून शहरातील या सुरक्षित मंदिरात आणल्याचे सांगण्यात येऊ लागले आणि त्यावरून मंदिरास तिसरे नाव मिळाले. त्याच संताच्या नावाचे जुने मंदिर आधीपासून असल्यामुळे यास ‘नुओव्हो’, म्हणजे ‘नवे’, असे म्हणू लागले. तेव्हा साडेतीनशे वर्षांचे असलेले हे मंदिर अशा रीतीने ‘नवे’ झाले!

दलदलीवर वसलेल्या या शहरातील जमीन हळूहळू खचत असते. मंदिराची फरशी पाण्यात जाऊ लागली, तेव्हा सोळाव्या शतकात ती उचलून घेण्यात आली आणि चोवीस स्तंभही वर चढविण्यात आले. डोक्यावरील चित्रांच्या भिंती जागच्या जागी ठेवून स्तंभ उचलण्याचे हे काम किती जोखमीचे असेल, याची कल्पनाच केलेली बरी! समोरची संगमरवरी पडवी त्याच शतकातली आहे. पुढे पहिल्या महायुद्धात, फेब्रुवारी १९१६ मध्ये, विमानांतून टाकलेल्या बाँबने मंदिराच्या दर्शनी भागाचे नुकसान झाले. ते दुरुस्त करण्यात आले. इ. स. १९९६ मध्ये युनेस्कोने राव्हेन्नातील आठ प्राचीन ख्रिस्ती वास्तूंना जागतिक वारशाचा मान दिला. त्या आठांत हे मंदिरही आहे. आणि थिओडोरिकची समाधी व दोन्ही पंथांची बाप्तिस्मागृहेही आहेत.

मुलांनो, जुनी इमारत पाहताना आपण तिची उंची, तिचे कोरीव काम व तिचा झगमगाट पाहतो. ते पाहावेच, पण तेवढ्यावर थांबू नये. कोठे विटांचा रंग बदलला आहे, कोठे एखादे दार बुजविलेले आहे, कोठे नाव खोडलेले आहे, हेही पाहावे. ग्रंथ लिहिणारे बहुधा विजयी पक्षाचे असतात. हरलेल्यांची बाजू कित्येकदा अशा लहानसहान खुणांतूनच आपणांस कळते. थिओडोरिकच्या दरबारातील त्या माणसांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. परंतु दाराशी उभा राहून जो कोणी त्या राजवाड्याकडे शांतपणे पाहील, त्याला त्यांचे हात दिसतात, आणि हे कोण होते, असा प्रश्न तो आपोआप विचारतो. तो प्रश्न कोणाच्याही मनात येऊ नये, म्हणूनच तर त्यांना पुसले होते.

स्वाध्याय

१. एकदोन वाक्यांत उत्तरे द्या.
(अ) सम्राट होनोरियसने आपली राजधानी राव्हेन्ना येथे का नेली?
(आ) मंदिरातील सर्वांत वरच्या ओळीत किती प्रसंग आहेत? त्यांपैकी कोणतेही दोन सांगा.
(इ) मंदिरास ‘नुओव्हो’ हे नाव का मिळाले?

२. कारणे द्या.
(अ) कुट्टिमचित्रांतील सोनेरी तुकडे किंचित तिरके बसवितात.
(आ) स्तंभाच्या माथ्यावर वर रुंद व खाली निमुळता ठोकळा ठेवतात.
(इ) मंदिराची शुद्धी झाली, तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनप्रसंगांना कोणी हात लावला नाही.

३. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
ध्यानात येणे, नामशेष होणे, कानाडोळा करणे, मागमूस न राहणे.

४. सविस्तर उत्तरे लिहा.
(अ) थिओडोरिकच्या स्वभावातील गुण व दोष पाठाच्या आधारे सांगा.
(आ) स्तंभांवरील हात मागे राहण्याची दोन संभाव्य कारणे पाठात दिली आहेत. तुम्हांस त्यांपैकी कोणते पटते व का, ते लिहा.

५. आपल्या गावातील एखादी जुनी इमारत जवळून पाहा. तिच्यात नंतर केलेले बदल कोणत्या खुणांवरून ओळखता येतात, त्याविषयी दहा ओळी लिहा.